लहान भिंतीवरचं एक नाव

फाईल सकाळी नऊलाच आली होती, पण थोरल्याने ती जेवणं होईपर्यंत कोणाला उघडू दिली नाही. "सगळे जमू देत. आपल्या घरातला इतिहास आहे, वर्तमानपत्र नव्हे," असं म्हणून त्याने ती कपाटावर ठेवली आणि कपाटाखालीच खुर्ची टाकून बसला. धाकटा आला तोवर दोन वाजले. वर्षभरापूर्वी ज्या भांडणानंतर त्याने या घराची पायरी सोडली होती ते भांडण कशावरून होतं, हे आता दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. पण अबोला एकदा धरला की तो पोसावा लागतो.

"ये," थोरला म्हणाला.

"आलोय," धाकटा म्हणाला.

एवढ्यावर समेट झाला.

मधली हे सगळं आईच्या शेजारी बसून पाहत होती. दोन भावांच्या मधली म्हणून मधली. अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी नाव तेच राहिलं होतं. तिचं चष्म्याचं दुकान होतं आणि आज ती तिथलं मोठं भिंग पिशवीत घालून आली होती. एक्कावन्न वर्षांपूर्वीच्या टंकलेखनाच्या प्रती पुसट असणार, हे तिला ठाऊक होतं.

आईच्या मांडीवर निळं कापड पसरलं होतं. उद्या नौदलाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि बंदरावर, जुन्या धक्क्याच्या टोकाला, नौदलाने गमावलेल्या बोटींची स्मारकं उघडायची होती. त्यात 'म्हातारी'ही होती. कागदोपत्री तिचं नाव दुसरं होतं, पण तिच्यावरचे खलाशी तिला म्हातारीच म्हणत. ती बुडाली तेव्हा त्रेसष्ट माणसं गेली. त्यांतली बासष्ट समुद्राने ठेवून घेतली आणि एकाला नवव्या दिवशी किनाऱ्यावर आणून सोडलं. म्हणून म्हातारीच्या स्मारकाला दोन भिंती होत्या: मोठीवर बासष्ट नावं, लहानीवर एक. ते एक नाव या तिघांच्या वडिलांचं. लहान भिंतीवरचा पडदा उद्या आईने ओढायचा होता, आणि नौदलाच्या ध्वजघरात सव्वीस वर्षं निशाणं शिवलेल्या बाईने दुसऱ्याने शिवलेला पडदा ओढणं शक्यच नव्हतं. ती ऐंशीव्या वर्षी त्याची शेवटची किनार दुमडत होती.

"उघड आता," धाकटा म्हणाला. "का उद्या पडद्याबरोबरच उघडायची?"

थोरल्याने घसा साफ केला. तो गोदीत क्रेनवर मुकादम होता, आता निवृत्त, अकरा वर्षांपासून म्हातारीच्या कुटुंबांच्या मंडळाचा अध्यक्ष होता, आणि उभा राहून वाचल्याशिवाय त्याला वाचल्यासारखं वाटत नसे. चौकशीच्या फायली पन्नास वर्षांनी खुल्या झाल्या होत्या. पंचाहत्तरीनिमित्त प्रत्येक घराला आपापल्या माणसाच्या कागदांची प्रत मिळाली होती.

"भरतीचं कार्ड," तो वाचू लागला. "हुद्दा, इंजिनखोली. उंची, पाच फूट सात. ओळखीची खूण, हनुवटीवर तीळ. आणखी खूण, नाही."

"तीळ मला मिळाला," धाकटा हनुवटी पुढे करत म्हणाला. "बाकी काही आलं नाही वाट्याला."

"तू गप्प बस जरा. पुढे नौदल रुग्णालयाच्या डॉक्टरांचं टिपण. 'नवव्या दिवशी सकाळी मिळालेला देह. वय अंदाजे तीस. चेहऱ्यावरून ओळख पटणं अशक्य. अंगावर सदरा, कॉलरच्या आत लाल दोऱ्याने शिवलेलं नाव. पत्नीने आणि मुलीने सदरा ओळखला.'" इथे त्याचा आवाज भरून आला. त्याने मधलीकडे मान हलवली. उद्याच्या भाषणात ही जागा होती. "'डाव्या पायाची करंगळी नाही. जखम जुनी, पूर्ण भरलेली, लहानपणची असावी.'"

तो पुढची ओळ वाचू लागला आणि मधेच थांबला.

"बाबांना नऊच बोटं होती?" धाकटा म्हणाला. "मला कधी कोणी सांगितलं नाही." तो वडील गेल्यावर चार महिन्यांनी जन्मला होता. त्याला बाबांविषयी जे काही माहीत होतं ते कोणीतरी सांगितलेलं होतं.

कोणी हसलं नाही. मधलीने मनात बोटं मोजली. बाबा सुट्टीवर आले की संध्याकाळी खाटेवर पाय पसरून बसत आणि ती त्यांच्या बोटांची हजेरी घेई. अंगठा म्हणजे कप्तान, मग उतरत्या हुद्द्याने सगळे. नाव पुकारलं की बोट हलायचं. डाव्या पायाची करंगळी हा आळशी खलाशी होता. त्याला दोनदा पुकारावं लागे. पण तो हलायचा. दहाच्या दहा हजर असायचे.

"भिंग दे," थोरला म्हणाला.

त्याने भिंगातून वाचलं. मग वहिनीने, थोरल्याच्या बायकोने, वाचलं. अक्षरं मोठी झाली, पण बदलली नाहीत.

"कारकुनाची चूक," थोरला कागद खाली ठेवत म्हणाला. "दुसऱ्या कोणाच्या फायलीतलं पान यात घुसलंय."

"अहो, दुसरा कोण?" वहिनी म्हणाली. तिला अप्रिय गोष्टी शांतपणे बोलता येत. "सापडला एकच ना? आणि इथे सदरा आहे, आपली माणसं आहेत. पान आपलंच आहे."

"मग डॉक्टर चुकला."

"डॉक्टरला पायाची बोटं मोजता येत नव्हती?"

"आई," थोरला वळला, "बाबांच्या पायाला काही झालं होतं का? तू सांग. बोटीवर, शेवटच्या फेरीत वगैरे."

आईने सुई कापडात खोचून ठेवली. मग चष्मा काढला. तो मधलीनेच बनवून दिलेला होता.

"काही झालं नव्हतं. दहा बोटं होती," ती म्हणाली. "कागदात चूक नाही. मी पाय पाहिले होते."

त्या खोलीत पाच माणसं होती आणि पाचांतल्या चारांना वाटलं की आपण नीट ऐकलं नाही.

"कधी पाहिलेस?" मधलीने विचारलं.

"तेव्हाच. तू माझं बोट धरून उभी होतीस. रुग्णालयाच्या मागची पत्र्याची खोली. त्यांनी कॉलर उलटून दाखवली आणि तू म्हणालीस, हा बाबांचा सदरा. खरंच होतं ते. टाके माझेच होते."

"म्हणजे मी म्हणाले म्हणून तू..."

"नाही. ते मनात आणू नकोस." आईचा आवाज कठोर झाला. "सात वर्षांच्या पोरीच्या माथी मी काही मारत नाहीये. तू खरं बोललीस. सदरा त्यांचाच होता. पण इंजिनखोलीत सदऱ्याला धनी नसतो. पाळी बदलली की घामाने भिजलेले सदरे वाफेच्या नळावर टाकायचे, आणि जो वाळला असेल तो अंगात घालून वर जायचं. वाळला तो आपला. मी आठवड्याला चार सदरे धुवायची, त्यांतला एकसुद्धा माझ्या नवऱ्याचा नसायचा. तरी मी हटकून नाव घालायची. हे हसायचे. म्हणायचे, तू नाव घाल, मी दुसऱ्याला घालतो."

"आणि पाय?" वहिनी म्हणाली.

"चादर आखूड होती. कॉलर दाखवून झाल्यावर चेहरा झाकायला त्यांनी ती वर ओढली तेव्हा पाय उघडे पडले. मी पाहिले. मग मी चादर हाताने खाली ओढली, पाय झाकले, आणि हो म्हटलं."

थोरला खाली बसला. त्याची खुर्ची कपाटापाशी होती, पण तो जवळ होतं त्या स्टुलावर बसला. मधलीला आठवत होती ती आईच्या हाताची हालचाल. चादर नीट करणारा हात. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की ती शेवटची माया होती.

"का?" थोरल्याने विचारलं.

"मला घरी जायचं होतं." आई म्हणाली. "नऊ दिवस धक्क्यावर उभी होते. पोटात हा. रोज कोणीतरी यायचं आणि सांगायचं, उद्या या. मी नाही म्हटलं असतं तर दहाव्या दिवशी पुन्हा उभी राहिले असते. दुसरं कारण असेल म्हणून मी बरीच वर्षं शोधलं. सापडलं नाही."

"कोण होता तो?" धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा कुठल्या कुठे गेली होती.

आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "नऊ बोटांचा खलाशी बोटीवर एकच होता. तुम्हाला ठाऊक आहे कोण."

ठाऊक होतं. इस्त्रीमावशीचा भाऊ. मावशीचं पुलापलीकडे इस्त्रीचं दुकान होतं, आईबापापासून चालत आलेलं. लहानपणी तिच्या हातून कोळशाची इस्त्री भावाच्या पायावर पडली आणि करंगळी गेली. ही गोष्ट ती स्वतःच सांगायची, हसत हसत: "नौदलाच्या डॉक्टरने दात मोजले, छाती मोजली, बोटं मोजायची राहिली, म्हणून घेतला माझ्या भावाला." दरवर्षी बोट बुडाली त्या दिवशी ती त्यांच्याबरोबर नौदलाच्या कबरस्तानात यायची आणि बाबांच्या कबरीच्या दगडाशेजारी बसायची. "आमच्याला जागा नाही," ती म्हणायची. "मी तुमच्याकडेच टेकते."

"त्या दिवशी ती तिथे होती," मधली म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच. पत्र्याच्या खोलीबाहेर बाकावर बायका बसल्या होत्या. पुढचा नंबर एका वृद्ध बाईचा होता आणि तिच्या दंडाला धरून एक पंचविशीतली मुलगी बसली होती.

"होती. तिची आईही होती. मी बाहेर आले, शिपायाने सांगितलं, ओळख पटली, बाकीच्यांनी घरी जा. ती उठून मला धरायला आली. म्हणाली, ताई, निदान तुला तरी मिळाला."

वहिनीने तोंडावर हात ठेवला.

थोरला सगळ्यांत आधी सावरला. मुकादमी हाडात होती. "हे बघा. उद्याचा दिवस जाऊ दे. फक्त उद्याचा. मंत्री येणार, बासष्ट घरची माणसं येणार, भिंतीवर नाव कोरून झालंय. परवा आपण शांतपणे बसू, काय ते ठरवू."

"परवा काय ठरवणार?" मधली म्हणाली. "नाव खोडायचं की नाही ते?"

"मी खोडा म्हणत नाही, ठेवा म्हणत नाही. एक दिवस थांबा म्हणतोय. या माणसांसमोर मी अकरा वर्षं उभा राहतोय. काय सांगू त्यांना? माझ्या आईने..."

"उद्या मावशी पहिल्या रांगेत बसणार," वहिनी म्हणाली. "तुमच्या शेजारची खुर्ची. तुम्हीच लावलीत. बसाल तिथे?"

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. सदतीस वर्षांत ती चारचौघांत त्याच्याविरुद्ध बोलली नव्हती.

"मी सांगतो," धाकटा म्हणाला, आणि सगळ्यांना वाटलं तो वहिनीची बाजू घेणार. अबोल्याच्या वर्षभरात त्याच्याकडे डबे तिनेच पोचवले होते. पण तो म्हणाला, "सांगू नका. उद्याही नको, परवाही नको."

"अरे, काय बोलतोस?" मधली म्हणाली.

"दादाला बाबांचा आवाज आठवतो. हिला पाय आठवतात. माझ्याकडे काय आहे? एक दगड आहे. शाळेत बाप विचारला की मी तिकडे जायचो. लग्न ठरलं तेव्हा गेलो, पोरगा झाला तेव्हा त्याला घेऊन गेलो. पन्नास वर्षांचा माणूस आहे मी, फेरीबोट चालवतो, आणि अजून महिन्यातून एकदा त्या दगडाला इंजिनचं रडगाणं सांगून येतो. तो दगडही काढून घ्या माझा."

मधलीला वाटलं, उठून त्याच्याजवळ जावं. त्याच वेळी दार वाजलं आणि उत्तराची वाट न बघता उघडलंही, कारण या घरात दार वाजवून न थांबणारं माणूस एकच होतं.

"अगं ताई, तुझे उद्याचे कपडे," इस्त्रीमावशी म्हणाली. कागदात गुंडाळलेलं बोचकं तिने दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं, घडी मोडू नये म्हणून. "बाही दोनदा केली. मंत्र्यासमोर चुरगळलेली गेलीस तर नाव माझं जाईल." मग ती थांबली. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही मावशी, बस," थोरला घाईने उठला. "उन्हातून आलीस. पाणी आण गं."

"धाकट्या, तू इथे? म्हणजे भांडण मिटलं. का नवं काढलंत?"

धाकट्याने आईकडे पाहिलं. लहान पोर बघतं तसं, नको म्हणून. आईने ते पाहिलं, हे मधलीला दिसलं. आणि तरीही आई म्हणाली, "इथे बस माझ्यासमोर. तुला एक सांगायचंय. सांगितल्यावर तू मला मारलंस तरी चालेल."

"मी कशाला मारू तुला," मावशी बसत म्हणाली.

आईने सांगितलं. मघाशी सांगितलं त्याहून कमी शब्दांत. नळावरचा सदरा, आखूड चादर, नसलेली करंगळी, आणि आपला हात. मग तिने टेबलावरचा कागद मावशीच्या पुढे सरकवला. मावशीला बारीक अक्षर दिसेना. मधलीने भिंग पुढे धरलं.

मावशीने ती एक ओळ वाचली. बोचकं अजून तिच्या मांडीवर होतं. तिने ते काळजीपूर्वक बाजूच्या खुर्चीवर ठेवलं.

"डावा पाय," ती म्हणाली.

"डावा."

"इस्त्री डाव्यावरच पडली होती. बरोबर आहे." ती कोणाला तरी हिशेब देत असल्यासारखी मान हलवत राहिली. मग म्हणाली, "माझी आई त्यानंतर चौदा वर्षं जगली. रात्री दाराला कडी लावू द्यायची नाही."

आईने मांडीवरचं निळं कापड बाजूला ठेवलं.

"आणि मी दरवर्षी तिथे यायची. तुझ्या शेजारी बसायची. तुला माहीत होतं, आणि तू मला सरकून जागा द्यायचीस." मावशीचा आवाज वाढला नव्हता, म्हणून तो ऐकवत नव्हता. "मी तिथे एकदाही रडले नाही, ताई. मोकळी झाले नाही. दुसऱ्याच्या दारात आपलं रडणं कसं काढायचं? मी तुझ्या नवऱ्याची विचारपूस करायची. म्हणायची, भाऊजी, बरे आहात ना, पोरं मोठी झाली तुमची, थोरला मुकादम झाला. आणि भाऊ तिथे खाली पडून ऐकत होता. एक्कावन्न वर्षं मी त्याला हाक मारली नाही."

थोरल्याने चेहरा हातात धरला. वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी राहिली होती.

मावशी उठली. "कबरस्तान पाचला बंद करतात. आता साडेतीन झाले. मला कोण सोडतं?"

"मी येते," आई म्हणाली आणि हात टेकून उठू लागली.

"तू नको. आज तू नको." मावशीने तिच्याकडे पाहिलंही नाही. "पुढचं मला माहीत नाही. माझ्या हातात असतं तर मी आत्ता तुझं तोंडही पाहिलं नसतं, पण त्याला शेवटचं पाहिलेलं माणूस तूच आहेस, म्हणून कधीतरी मला तुझ्याकडे यावंच लागेल. सगळं सांगावं लागेल तुला. केस होते का, हात कसे होते, सगळं. पण आज नको."

मग धाकटा उठला. त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली, ती हातात फिरवली, आणि मधलीला क्षणभर वाटलं की तो ती टेबलावर टाकून एकटाच निघून जाईल.

"चल मावशी," तो म्हणाला. "बाहेर ऊन आहे. मी गाडी सावलीत आणतो, तोवर तू पाणी पी."

"तू येशील आत?"

"दरवाजापर्यंत येतो," धाकटा म्हणाला. "आत तू जा. तुझं माणूस आहे."

ती दोघं गेल्यावर खोलीत बसणं कठीण झालं. थोरल्याने भाषणाचे कागद गोळा केले, पुन्हा पसरले, शेवटी उलटे करून ठेवले. आई कापडाकडे बघत बसली होती. तिच्याशी बोलावं की नाही, तिला जवळ घ्यावं की नाही, हे मधलीला कळेना. तिला राग यायला हवा होता. तो कुठेतरी असेल, येईलही. सध्या तिला एवढंच जाणवत होतं की एक्कावन्न वर्षं जमिनीखाली, एका ठरावीक जागी, कोरड्यात असलेले बाबा आता तिथे नव्हते.

"त्या बाईंना फोन कर," आई म्हणाली. फाईल ज्यांनी पाठवली त्या नौदलाच्या इतिहास विभागातल्या अधिकारी बाई. त्यांचा नंबर पाकिटावर होता. "दादाला करू देऊ नकोस, तो भाषण करेल. तू कर."

थोरल्याने मान वर केली नाही. पण त्याने पाकीट हाताने मधलीच्या दिशेने सरकवलं.

फोन दुसऱ्या घंटेला उचलला गेला. पलीकडे गडबड होती, खुर्च्या सरकवल्याचे आवाज, कोणीतरी माईक तपासत होतं. बाईंनी नम्रपणे बोटीचं नाव विचारलं, घर कोणतं विचारलं, नातं विचारलं. मधलीने सांगितलं, मुलगी.

"बोला ना. उद्याच्या यादीत काही बदल आहे का?"

मधलीने वाक्य मनात जुळवलं होतं. दगड, नाव, फाईल, पान चार. ती व्यवस्थित बोलणारी बाई होती. रोज पन्नास गिऱ्हाइकांना न चिडता समजावायची. पण तोंड उघडल्यावर त्यातलं काहीच आलं नाही.

"माझे बाबा सापडत नाहीयेत," ती म्हणाली.